अक्कांच्या दारावरची पाटी

सुमनअक्कांनी मला सांगितलेलं पहिलं काम झोपायचं होतं.

धुळ्याबाहेर साक्री रोडला एका संस्थेच्या वृद्धनिवासाचं बांधकाम चालू होतं आणि नकाशा माझा होता. तोवर मी जळगावात बरेच बंगले, दोन मंगल कार्यालयं आणि एक शाळा बांधली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. निवासाचा कारभार बघायला नेमलेल्या बाई इमारत पाहायला येणार असा निरोप आला, म्हणून मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून उभा राहिलो. रिक्षातून एक ठेंगणी, साठीची बाई उतरली. फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका उपकेंद्रात त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली होती. मी नकाशा उलगडायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "राहू दे तो. वॉचमनची खाट आण आत."

खाट एका खोलीत टाकली. "झोप," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं बाई थट्टा करतात. पण त्या पायाशी विटांच्या ढिगावर बसल्या आणि पिशवीतून शेंगा काढून खायला लागल्या. मी अर्धा तास उताणा पडून राहिलो. गवंडी येऊन येऊन बघून जात होते. शेवटी अक्कांनी विचारलं, "काय काय दिसलं?"

"आभाळ," मी म्हणालो.

"अजून?"

"पंख्याचा हूक."

"अर्ध्या तासात तू तीनदा घड्याळ बघितलं. इथं येणारी बाई दोन दोन वर्षं पाठीवर पडून राहील. तिला आपण पंख्याचा हूक दाखवायला आणणार आहोत का?"

खिडक्यांचे कठडे माझ्या छातीएवढे होते, कारण मी ते उभ्या माणसासाठी काढले होते. ते फोडून खाटेच्या उंचीला आणले. ठेकेदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण आता त्या खोल्यांमधून पडल्या पडल्या रस्ता दिसतो, साक्रीची एसटी दिसते, बांधावर चरणाऱ्या शेळ्या दिसतात. एक आजी रोज एसटीत किती माणसं उभी आहेत ते मोजतात आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगतात.

अक्कांची राहायची खोली कार्यालयाला लागूनच होती. दोन्हींमधल्या दारावर त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः खिळा ठोकला आणि पिशवीतून एक दगडी पाटी काढून लटकवली. लाकडी चौकटीची, शाळेतल्या पोरांची असते तशी, बाजूला सुतळीला बांधलेला खडू. उपकेंद्रातल्या क्वार्टरवरही हीच पाटी होती म्हणे. एकटी नर्स आणि हाताखाली पाच-सात पाडे, त्यामुळे दाराशी आलेल्या माणसाला बाई कुठे आहेत ते कळावं म्हणून ती व्यवस्था होती. "वरच्या पाड्यावर बाळंतपणाला गेले. उन्हं उतरताना येईन." "डोस पाजायला गेले. ताप असेल तर थांबा." इथेही ती सवय सुटली नाही. "वांगी आणायला गेले. गोळ्या कपाटावर आहेत, हात लावू नये." चार पावलांवरच्या बाजारात जायचं तरी पाटीवर लिहून जायच्या. मी एकदा म्हटलं, अक्का, आता मोबाइल आहे ना. त्या म्हणाल्या, "मोबाइल माझ्याजवळ राहतो. पाटी दाराजवळ राहते. माणूस दाराशी येतो."

त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. रागीट होत्या. मदतनीस बायकांना असं फैलावर घ्यायच्या की ऐकणाराच ओशाळावा, आणि तासाभरानं त्याच बाईच्या ताटात स्वतःच्या हातानं ठेचा वाढायच्या. तंबाखूवर त्यांचं भाषण ठरलेलं होतं, आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला ऐकावं लागायचं. आणि रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे उभ्या राहून स्वतः मिश्री लावायच्या. मी एकदा नेमका तिकडे गेलो, तर तोंडात बोट असतानाच म्हणाल्या, "तू टाकी बघायला आला ना? टाकी बघ."

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चालवून घेतली नाही. दार वाजवल्याशिवाय कोणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आतला माणूस बोलत नसला, त्याला ऐकू येत नसलं, तरी वाजवायचं आणि मनात पाच मोजून मग आत जायचं. नवीन लागलेली एक मदतनीस म्हणाली, "अक्का, त्यांना कुठं कळतं?" अक्का म्हणाल्या, "तुला कळतं ना? मग वाजव. घरमालक ते आहेत, आपण कामाला आलोय."

माझी दुसरी फजिती फरशीनं केली. समोरच्या दिवाणखान्यात मी मोठ्या हौसेनं चकचकीत फरशी घातली होती, तोंड दिसेल इतकी. उद्घाटनाला पाहुण्यांनी फार कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गेंदाबाई आल्या. दारातून दोन पावलं टाकली आणि थबकल्या. मग लुगडं पोटरीपर्यंत वर धरून, एक पाय पुढे करून चाचपायला लागल्या.

"पाणी शे," त्या म्हणाल्या.

मी हसत म्हणालो, "आजी, पाणी नाही, फरशी आहे." त्या काही हलेनात. मागून येणारे दोघेही थांबले. अक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी गेंदाबाईंचा हात धरला, स्वतःचीही साडी वर खोचली आणि दोघी नदी उतरल्यासारख्या पलीकडे गेल्या. पलीकडे पोचल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, रोज साडी वर धरून जेवायला जायचं का आम्ही?" आठवड्याभरात शहाबादी फरशी आली. माझी चकचकीत फरशी संस्थेच्या अध्यक्षांच्या कार्यालयात गेली. तिथे ती शोभून दिसते.

पण अक्कांचं खरं काम म्हणजे दारं.

भडगावकडचे, गिरणाकाठच्या एका गावचे नारायणआबा आमच्याकडे आले तेव्हा अंगानं धडधाकट होते, फक्त आठवण गेलेली. माझ्या नकाशात ओळीनं बारा खोल्या, बारा सारखी दारं, तपकिरी रंगाची, वर पितळी आकडे. आबा रोज कोणाच्या तरी खोलीत शिरत. एकदा दुसऱ्याच्या खाटेवर पडून राहिले, तो माणूस परतला, आणि दोन ऐंशीच्या म्हाताऱ्यांची गोष्ट गचांडी धरण्यापर्यंत गेली. अक्कांनी सोडवलं. आबा ओट्यावर बसून रडायला लागले. "बठ्ठा दारं सारखाच शेतस," ते म्हणाले. "मन्हं घर कोनतं?"

अक्का मला म्हणाल्या, "ऐकलं? आबांचं डोकं फिरलंय म्हणतो ना आपण? आबा बरोबर बोलतात. डोकं आपण वापरलं नाही."

त्यांनी आबांच्या मुलाला फोन लावला. गावी जुनं मातीचं घर पाडून त्यानं स्लॅबचं बांधलं होतं. जुन्या घराचं दार कुठे आहे, असं अक्कांनी विचारलं. गोठ्याला लावलंय, म्हणाला. "गोठ्याला दुसरं लाव. ते घेऊन ये," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

केळीच्या टेम्पोतून दार आलं. सागाचं, काळं पडलेलं, लोखंडी कडीचं, चौकटीवर कुठल्या तरी लग्नातली हळदकुंकवाची बोटं अजून दिसत होती. उंचीला इतकं ठेंगणं की मला मान खाली घालावी लागली असती. मी म्हटलं, उंबरा तर ठेवता येणारच नाही, पाय अडकून पडतील. तेवढं अक्कांनी ऐकलं. उंबरा कापला, वरून लाकूड जोडून चौकट उंच केली, आणि आबांच्या खोलीचं माझं तपकिरी दार काढून ते बसवलं. सुतार अजून वरचा खिळा ठोकत होता तेवढ्यात आबा आले. त्यांनी कडीवरून हात फिरवला, एकदा वाजवून बघितली.

"उनं मन्हं घर," आलं माझं घर, असं म्हणून ते खाली वाकून आत गेले.

चौकट आता सहा फुटांवर होती, वाकायची गरज नव्हती. तरी आबा शेवटपर्यंत त्या दारातून वाकूनच आत जात. पुन्हा कधी दुसऱ्याच्या खोलीत गेले नाहीत.

त्या दिवसापासून अक्कांनी नियमच केला. नातेवाईक भरतीचा अर्ज घ्यायला आले की त्या म्हणायच्या, "कपडे नंतर आणा. आधी दार घेऊन या." कोणाचं अख्खं दार आलं, कोणाचं एकच झडप. ज्यांचं दार राहिलं नव्हतं त्यांची कडी आली, चौकटीवरची गणपतीची फरशी आली, मण्यांचं तोरण आलं. गेंदाबाईंच्या घराला लाकडी दार कधी नव्हतंच, त्यांच्या नातवानं बांबूची ताटी आणली. ती सैल झाली की गेंदाबाई स्वतः बसून बांधतात आणि कोणाला मदत करू देत नाहीत. व्हरांड्यात उभं राहिलं की बारा गावांची बारा दारं एका ओळीत दिसायची. अध्यक्ष बघायला आले तेव्हा म्हणाले, "अक्का, हे वृद्धनिवास आहे का भंगारबाजार?" अक्का म्हणाल्या, "साहेब, तुमच्या घरचं दार कसं आहे ते आजच लिहून ठेवा. पुढं आठवणार नाही."

मला ते ऐकून हसू आवरेना, म्हणून मीही तोंड घातलं. "अक्का, तुमच्या खोलीला कोणतं दार आणायचं?"

अक्कांचं लग्न झालं नव्हतं. आईवडिलांचं घर भावाकडे गेलं होतं, आणि नोकरीभर त्या सरकारी क्वार्टरमध्येच राहिल्या होत्या. "माझं दार सरकारचं," त्या म्हणाल्या. "निघताना किल्लीसकट सरकारला देऊन आले. मला घर सापडलं नाही तर मी तुझ्याकडे येईन जळगावला." आणि पुन्हा अध्यक्षांच्या मागे लागल्या.

सात-आठ वर्षांनी त्यांच्या हातून कामं चुकायला लागली. पाटीवर "बाजारात गेले" लिहून त्या दिवसभर खुर्चीत बसलेल्या असत. मग त्यांची भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. वर्षभरानं तीच परत घेऊन आली. "मावशी फ्लॅटमध्ये सारखी दारं उघडते आणि विचारते, सगळे जेवले का?" ती म्हणाली. "तिला इथंच ठेवा." त्यांच्या जुन्या खोलीत आता औषधांचं कोठार होतं, म्हणून त्यांना ओळीतली रिकामी, सातवी खोली मिळाली. तिथल्या आधीच्या माणसाचं दार घरचे परत घेऊन गेले होते, म्हणून तिला पुन्हा माझं तपकिरी दार होतं. काय आणायचं ते भाचीला ठाऊक नव्हतं आणि विचारायची आम्हा कोणाला बुद्धी झाली नाही.

अक्का त्या खोलीला आपली मानेनात. दिवसभर व्हरांड्यातून फेऱ्या मारायच्या, एकेक दार वाजवायच्या, पाच मोजायच्या आणि आत शिरून कोणाचं पांघरूण सारखं कर, कोणाची नाडी बघ, असं चालायचं. वाजवायला विसरल्या नव्हत्या, एवढंच. एके दिवशी त्यांनी एकीच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या दुसरीला दिल्या. नशिबानं काही झालं नाही. पण नवीन व्यवस्थापक घाबरला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो.

त्यानं मला फोन केला. "सर, मागची एक खोली रिकामी आहे. अक्कांना तिथं हलवू. फक्त दाराला बाहेरून कडी बसवून हवी आहे. सोमवारपर्यंत माणूस पाठवता का?"

बाहेरून कडी. त्या निवासात कुठल्याही खोलीला बाहेरून बंद होईल अशी कडी नव्हती. जुन्या दारांबरोबर आलेल्या कड्यासुद्धा बाहेरून अडकू नयेत म्हणून अक्कांनी त्यांचे कोयंडे काढायला लावले होते. मी फोनवर नाही म्हणायला हवं होतं. मी "बघतो" म्हणालो. दुकानातून कडी विकतसुद्धा घेतली आणि खिशात टाकली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी साक्रीच्या पुढे त्या डोंगरातल्या गावी गेलो. मनात एकच होतं, ते सरकारी दार कुठेतरी पडलेलं असेल, कोणाच्या खळ्यात, कोणाच्या गोठ्यात. क्वार्टर पाडून तिथे नवीन उपकेंद्र झालं होतं, काचेच्या दाराचं. चौकशी करत फिरलो. जुनी लाकडं कुठे गेली ते कोणाला सांगता येईना. शेवटी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, नर्सबाईंच्या क्वार्टरचं दार कसं होतं, कोणत्या रंगाचं, ते तरी आठवतं का.

"दार कोन देखे, भाऊ?" ती म्हणाली. "आम्ही पाटी देखूत."

मला तिथेच ओट्यावर बसावंसं वाटलं. बारा दारं मी बसवली होती. पाटीवरचे शंभर निरोप वाचले होते, त्यावर थट्टा केली होती. अक्कांचं घर पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होतं आणि ते मला एका अनोळखी म्हातारीनं सांगावं लागलं. तिनं मूठभर शेंगा माझ्या रुमालात बांधून दिल्या. "बाईले द्या," ती म्हणाली. "मन्हा दोन्ही पोरं तिन्हाच हातवर व्हयनात."

पाटी कोठारात मोडक्या चाकाच्या खुर्चीखाली सापडली. चौकटीचा एक कोपरा निखळला होता, तो खिळा मारून बसवला. सुतळी नवीन लावली, खडू नवीन बांधला. सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला मी ती सातव्या खोलीच्या तपकिरी दारावर लावली, अक्कांच्या छातीच्या उंचीला. व्यवस्थापक शेजारी उभा होता. "आणि नाही जमलं तर, सर?" त्यानं हळूच विचारलं. मी खिशावर हात ठेवला. कडी खिशात होतीच.

अक्का व्हरांड्याच्या त्या टोकाकडून येत होत्या. पाठीत वाकलेल्या, एक हात भिंतीला. पहिलं दार वाजवलं, थांबल्या, आत डोकावल्या, पुढे निघाल्या. गेंदाबाईंच्या ताटीला वाजवता येत नाही, तिथे नेहमीसारखं खाकरल्या. आबांच्या दारापाशी आल्या. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलानं दार परत नेलं नव्हतं. त्या कडीला हात लावून तशाच थोडा वेळ थांबल्या. मग सातव्या दाराशी आल्या आणि वाजवायला हात वर केला.

हात तसाच राहिला. त्यांनी पाटीकडे बघितलं. पदरानं ती पुसली, कोरीच होती तरी पुसली. सुतळी ओढून खडू हातात घेतला आणि बराच वेळ विचार करत राहिल्या. कुठे जायचं ते आठवत होत्या बहुतेक. इतक्या वर्षांत त्या पाटीवर त्या कुठे ना कुठे गेलेल्याच होत्या.

मग त्यांनी लिहिलं. अक्षर उतरतं आलं, एक काना राहिला, तो त्यांनी नंतर दिला.

"घरीच आहे."

खडू सोडून दिला, हात साडीला पुसले आणि आत गेल्या. दार त्यांनी लोटलं नाही. आतून खाटेचा करकर आवाज आला.

आम्ही दोघं बाहेरच उभे होतो. तेवढ्यात चहाची किटली घेऊन मदतनीस आली. हीच ती, "त्यांना कुठं कळतं" म्हणणारी. तिनं पाटी वाचली. दार सताड उघडं होतं, अक्का खाटेवर बसलेल्या समोर दिसत होत्या, तरी तिनं चौकटीवर बोटांनी दोनदा वाजवलं आणि थांबली.

"ये," आतून आवाज आला. "आणि बाहेर कोण उभं आहे, त्यांनाही बोलव."

खिशातली कडी तशीच ठेवून मी शेंगांचा रुमाल काढला आणि चहाला आत गेलो.